शंभर पेडांचा दोर

एका राज्यात एक राजा होता. नाव भोगराज. पोट मोठं, धीर छोटा. सकाळी आंब्याची कोय पुरायचा आणि दुपारी माळ्याला बोलावून विचारायचा, "कुठायत आंबे?"

माळी म्हणायचा, "महाराज, पाच वर्षं लागतील."

राजा म्हणायचा, "म्हणजे आज जेवणात नाहीतच का?"

असल्या राजाकडे मांत्रिक येणार नाही तर कोण येणार! आलाच एक. नाव निमिष. इतका काटकुळा की दरबाराचं दार न उघडता फटीतूनच आत आला. त्याच्यामागून हवेत तरंगत एक कणगी आली. शेतकऱ्याच्या घरात धान्य साठवायला बांबूची असते ना, तशीच. पण ही सोन्याची.

"राजा, झाकण उघड."

राजानं उघडलं. आत ज्वारी. मोत्यासारखी पांढरी, टपोरी. दहा पोती उपसली, कणगी भरलेलीच. शंभर पोती उपसली, तरी भरलेलीच.

"किंमत?" राजानं विचारलं.

"काही नाही. एकच अट. आजपासून तुझ्या राज्यात कुणी पेरायचं नाही. ज्या दिवशी एक मूठ बी मातीत पडेल, त्या दिवशी हे झाकण कायमचं बसेल."

राजानं विचार केला. म्हणजे नाही केला. लगेच "कबूल" म्हणाला. गावोगाव दवंडी पिटली, "ऐका हो ऐका! पेरणी बंद, नांगरणी बंद, खुरपणी बंद! ज्यानं त्यानं पोतं घेऊन राजवाड्यावर यावं!" पेरायच्या सगळ्या तिफणी गोळा करून हत्तीखान्यात टाकल्या. राहिला एक पावशा पक्षी. तो झाडावर बसून "पेरते व्हा, पेरते व्हा" ओरडायचा. हा सरळसरळ राजद्रोह! त्याला पकडून चांदीच्या पिंजऱ्यात घातलं आणि पिंजरा राजवाड्याच्या खिडकीत टांगला.

एक वर्ष मजेत गेलं. भाकऱ्या, घाऱ्या, खिरी, आंबील. खा आणि लोळा.

दुसऱ्या वर्षी माणसं हलकी व्हायला लागली.

आधी आचारी. वरच्या फळीवरचा डबा काढायला त्यानं उडी मारली, तो तासाभरानं खाली आला. मग प्रधान. शिंकला आणि छताला जाऊन चिकटला. त्याला झाडूनं खाली ओढावं लागलं. मग लोक बंडीच्या खिशात दगड घालून फिरायला लागले. राज्याचा मोठा पैलवान कमरेला जातं बांधून आखाड्यात उतरायचा, तरी वारा आला की पहिली धाव घराकडे.

खाल्लेलं पोटात जायचं, पण पोट भरायचं नाही. आणि निमिष मात्र जाड होत चालला. आधी त्याला दाराची एक फळी उघडावी लागे, मग दोन्ही. मग भिंत पाडली.

राजाला एकच लेक होती, सुवेळा. नऊ वर्षांची, तोंडानं तिखट. कणगीतल्या ज्वारीची खीर सगळ्यांत जास्त तिनंच खाल्लेली. एका दुपारी ती अंगणात लंगडी खेळत होती. एका पायावर उडाली ती उडालीच. राणीनं धावत जाऊन पैंजण धरलं म्हणून पोरगी हाती लागली.

राजा धावत निमिषकडे गेला. "माझी मुलगी तरंगतेय!"

"मग काय झालं?" निमिष हसला. त्याचं पोट हललं तसा राजवाडा हलला. "पोरगी डोईजड झाली म्हणून रडणारे बाप पाहिले. हलकी झाली म्हणून रडणारा तूच पहिला."

तेवढ्यात खिडकीतला पिंजरा बोलला. म्हणजे पिंजऱ्यातला पावशा बोलला.

"राजा, कणगीतला दाणा कुणी पेरला नाही, कुणी राखला नाही, कुणी त्याची वाट पाहिली नाही. त्याला वजन येणार कुठून? दाण्यात वजन असतं ते राबणाऱ्याचं. हा दाणा उलट खाणाऱ्याचंच वजन ओढून घेतो आणि निमिषच्या अंगावर चढवतो."

राजानं पिंजऱ्याचं दार उघडलं. "उपाय सांग."

"तीन कामं आहेत. बी मिळव. आपल्या हातानं पेर. मग वाट बघ. त्या शेतातला घास पोरीच्या तोंडात पडला की तिचे पाय जमिनीला लागतील."

"माझी माणसं करतील."

"मग तुझ्या माणसांच्या पोरी खाली येतील."

राजानं बाह्या वर सारल्या.

पावशा पुढं म्हणाला, "जुन्या विहिरीवर मोटेचा नाडा आहे, म्हणजे पाणी ओढायचा जाड दोर, शंभर पेडांचा. त्यानं पोरीला बांध. रोज एक पेड तुटेल. शंभरावा तुटला की पोरगी आभाळाची."

"आणि ज्वारीला किती दिवस?"

"नांगरटीपासून खळ्यापर्यंत चार महिने."

राजा शिकलेला फार नव्हता, पण एवढं त्याला जमलं. "अरे, चार महिने म्हणजे एकशेवीस दिवस! वीस कमी पडतात!"

"मी पाखरू," पावशा म्हणाला. "ते शेतकऱ्याला विचार." आणि उडून गेला.

मग राजा निघाला. एका हातात दोर, दोराच्या टोकाला वर आभाळात सुवेळा. मागून, राजासारखाच खिशात दगड घातलेला, प्रधान. तीन गावं पालथी घातली. कुणाकडे बी नाही. चौथ्या गावाच्या बांधावर एक बाई तांदुळजाची भाजी खुडत होती. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, आणि पाय बघाल तर जमिनीत घट्ट, बाभळीच्या मुळासारखे. तिचं नाव धुरपदा.

तिनं वर बघितलं, खाली बघितलं. "कोण रं तू? पोरीचा पतंग केलाईस!"

"मी राजा आहे."

"आसशील. बांधावरनं चाल, भाजी तुडवू नगंस."

राजा बांधावर आला. "बाई, तुझे पाय जमिनीवर कसे?"

"तुझ्या कणगीचं खाल्लं न्हाई म्हणून. बांधावरची घोळ, कुरडू, तांदुळजा, आन गाईचं दूध. समद्या गावानं ह्येच खाल्लं."

"बी आहे?"

"हाय."

"दे. हा हुकूम आहे."

धुरपदा खळखळून हसली. "हुकमानं बी उगवत आसतं तर तू कवाच शेतकरी झाला आसतास! पेरू नगा म्हणून तुझाच हुकूम व्हता न्हवं? आमी ऐकला. पन ह्या कुंद्याच्या गवतानं न्हाई ऐकला बघ. कंबरंएवढं माजलंय."

"मग विकत दे."

"बी इकत न्हाई मी. पदर पसरंल त्याला देती."

प्रधान म्हणाला, "महाराजांना पदर नसतो!"

वरून सुवेळा ओरडली, "बाबा, शेला आहे की! आणि तो मुकुट काढा आधी, माझ्या डोळ्यांवर चमकतोय!"

राजानं मुकुट काढून बांधावर ठेवला. शेला दोन्ही हातांनी पसरला. मान खाली घातली. "आक्का, माझ्या लेकीसाठी दे."

धुरपदा घरात गेली. आढ्याला टांगलेला सुका भोपळा काढला. तोंड शेणानं लिंपलेलं. ते फोडलं, तर आत राख, आणि राखेत ज्वारीचं बी. जरा बारकं, जरा पिवळट. सोन्याच्या कणगीतल्या ज्वारीपुढं दिसायला गरीबच.

"दोन वरसं पोटाला चिमटा घेतला," ती म्हणाली. "घरात काय नसायचं तवा पोरं ह्या भोपळ्याकडं बघायची. मी बी बघायची. पन हात लावला न्हाई. बी खाल्लं म्हंजी फुडल्या समद्यांच्या भाकरी खाल्ल्या."

राजानं आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट हातात घेतली आणि तोंडात टाकली नाही.

पहिलं काम झालं.

दुसरं काम पेरायचं. पण दोन वर्षं पडीक राहिलेली जमीन दगड झालेली. एकट्याचं काम नव्हे ते. त्या गावात इर्जिक करायची रीत होती. ज्याचं शेत अडलं त्याच्या शेतात अख्ख्या गावाची औतं उतरायची, आणि शेतवाल्यानं फक्त जेवू घालायचं. वीस नांगर आले. जेवायला काय, तर राजानं स्वतः खुडलेली तांदुळजाची भाजी. माती जास्त, भाजी कमी. लोकांनी निमूट खाल्ली. एक म्हातारा एवढंच म्हणाला, "राजा, पुढल्या बारीला धुऊन घे."

नांगरटीत आणि ढेकळं फोडायच्या कुळवणीत पाच पेड तुटले. राहिले पंच्याण्णव. सुवेळाचा दोर बांधावरच्या बाभळीला बांधला. ती वर बसून सगळं बघायची आणि सगळ्यावर बोलायची.

हत्तीखान्यातून तिफण आली. तिफणीला तीन दाते, तीन नळ्या आणि वर एक लाकडी वाटी. तिला चाडं म्हणतात. बैल चालत असतात आणि मागून चालणाऱ्यानं मुठीतलं बी चाड्यात सोडायचं. बोटांच्या फटीतून, दाणा दाणा, तिन्ही नळ्यांना सारखं. बघणाऱ्याला वाटतं, त्यात काय! राजालाही वाटलं.

राजानं मूठ धरली. इकडं भसकन वीस दाणे, तिकडं वीस पावलं कोरडीच.

"थांब, थांब!" धुरपदानं बैल अडवले. "बोटांत काय घातलंईस?"

"अंगठ्या. दहा."

"त्यांच्या सांदीतनं बी गळतंय. काढ."

राजानं अंगठ्या काढून प्रधानाकडे फेकल्या. प्रधान खूश, त्याला तेवढंच वजन.

मग धुरपदानं त्याच्या मुठीत आधी राख दिली. दिवसभर राख सोडायला लावली. पोरीबाळी बांधावर बसून हसत होत्या. संध्याकाळी राजाचा हात जरा हलका झाला. दुसऱ्या दिवशी खरं बी घेतलं. धुरपदा पुढं बैलांना हाकत म्हणत होती, मागून राजा म्हणत होता,

"एक दाणा मातीला, एक दाणा पाखराला, एक दाणा खळ्याला."

पहिली मूठ मातीत पडली आणि लांब राजवाड्यात धाडकन आवाज झाला. कणगीचं झाकण बसलं. कायमचं.

वरून सुवेळा म्हणाली, "बाबा, तुमची ओळ वाकडी आहे. गोगलगाय चालल्यासारखी."

"उगवेल ना पण?"

"उगवेल की," धुरपदा म्हणाली. "मातीला वाकड्याचं वावडं न्हाई. आळशाचं हाय."

मधे मधे तिनं हरभऱ्याच्या ओळी घेतल्या आणि कडेनं चौफेर करडई. राजा म्हणाला, "मला ज्वारी पाहिजे. हे कशाला?"

"एक रुसलं तर दुसरं हसंल म्हणून हरभरा. आन करडई काटेरी, ती कुंपन व्हती. गुरं तोंड घालत न्हाईत. तुझ्या वाड्याला शिपाई, माझ्या वावराला करडई."

दुसरं काम झालं.

तिसरं काम वाट बघायचं. आणि हे सगळ्यांत अवघड, कारण यात करायचं काहीच नव्हतं, असं राजाला वाटलं. चुकलंच त्याचं. खुरपणी होती. पहिल्याच दिवशी त्यानं अर्धी ओळ ज्वारी गवत समजून उपटली आणि गवताला पाणी घातलं. धुरपदानं कपाळावर हात मारला. प्रधानानं पण मारला, पण त्याला तरी कुठं कळत होतं! कणगी बंद पडल्यामुळं सगळा दरबार आता बांधावर घोळ खुडत होता.

ज्वारी गुडघ्याला लागली. राजानं शेतात माळा बांधला. त्यावर चढून गोफण घेऊन बसला. आलं पाखरू की मार दगड. आलं पाखरू की मार दगड! चार दिवसांत शेतावर एक पाखरू उरलं नाही. पाचव्या दिवशी पावशा आला. राजानं त्यालाही दगड मारला. शेपटीचं एक पीस तुटून पडलं. पावशा उडून गेला.

"बाबा, तो आपला होता," सुवेळा वरून म्हणाली.

आठव्या दिवशी पानापानावर अळ्या. काही केसाळ, काही हिरव्या, बोटाएवढ्या. शेत करकर कुरतडल्याचा आवाज बांधापर्यंत यायला लागला. राजा दोन हातांनी वेचायचा, तर मागं चार चढायच्या.

"आक्का, हे काय झालं?"

"तू राखनदार हाकललास," धुरपदा म्हणाली. "पाखरू दान्याच्या दिसांत दाना खातं, पानाच्या दिसांत आळी खातं. त्याचा वाटा असतोय. तू पेरताना तोंडानं काय म्हनत व्हतास?"

राजा आठवून म्हणाला, "एक दाणा पाखराला."

"नुसतं म्हनत व्हतास."

राजा माळ्यावरून उतरला. गोफण बाभळीला टांगली. परातीत पाणी भरून बांधावर ठेवलं आणि तुटलेलं पीस हातात धरून दिवसभर उन्हात उभा राहिला. मावळतीला पावशा आला, बाभळीवर बसला.

"चुकलो," राजा म्हणाला.

"कडेची चार तासं आमची," पावशा म्हणाला. तास म्हणजे पेरणीची ओळ.

"कबूल."

दुसऱ्या दिवशी साळुंक्या आल्या, बगळे आले, चिमण्या आल्या, पावशा तर होताच. तीन दिवसांत एक अळी उरली नाही. केसाळ अळ्या एकट्या पावशानं खाल्ल्या. दुसऱ्या कुणाला त्या घशाखाली उतरत नाहीत.

पेड तुटत होते. पन्नास राहिले, तीस राहिले, दहा. ज्वारी माणसापेक्षा उंच झाली. कणसं बाहेर पडली, फुलली, दाणे धरले. हिरवे, मऊ. राजा रोज सकाळी एकदा दोर मोजायचा, एकदा कणसाकडे बघायचा. आणि रोज धुरपदाला विचारायचा, "आक्का, वीस दिवस कमी पडतात गं."

ती रोज म्हणायची, "बघू. खुरपं घे."

नव्व्याण्णव पेड तुटले. दोराचा एकच पेड उरला, सुतळीएवढा. त्या सकाळी निमिष आला. आता तो डोंगराएवढा. बारा बैलांचा गाडा घेऊन आला. गाडा बांधाशी रुतला, तेव्हा पायी निघाला.

"राजा! एक शब्द बोल. 'पीक' म्हण. आत्ताच्या आत्ता अख्खं शेत पिकवतो. भाकरी कर, पोरीला भरव. नाहीतर आज दुपारी ती जाईल."

राजानं वर बघितलं. सुवेळा बोटाएवढी दिसत होती. दोर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. घाबरली होती.

राजाचे ओठ हलले. 'पी' पर्यंत आला होता तो. मग त्यानं शेताकडे बघितलं. हीच ती वाकडी ओळ. हीच ती जागा, जिथं त्यानं ज्वारी उपटली आणि धुरपदानं परत लावली. इथं अळी वेचली, इथं पाय कापला. ज्वारीचं एकेक ताट त्याला नावानं ओळखू येत होतं. या शेताचा दाणा पोकळ करायचा?

"मांत्रिका," राजा म्हणाला, "बांधावरनं चाल. पीक तुडवतोयस."

धुरपदा मागं उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आता झालास शेतकरी."

सूर्य डोक्यावर आला. शेवटचा पेड तुटला.

सुवेळा सुटली. बाभळीच्या वर, घारींच्या वर. "बाबा!" एवढाच आवाज आला. राजा दोराचं तुटकं टोक धरून शेतभर धावत सुटला. "आक्का, गेली! गेली माझी पोर! वीस दिवस कमी पडले!"

धुरपदा धावली नाही. तिनं एक कणीस मोडलं, दाणा नखानं दाबला. दूध आटून घट्ट झालेलं.

"झाला," ती म्हणाली.

"काय झाला?"

"हुरडा."

"पण पिकायला वीस दिवस..."

"पिकायला! पिकल्यावरच खा म्हणून कुनी सांगितलं? पाखरू काय म्हनलं व्हतं? ह्या शेतातला घास. भाकरी म्हनलं व्हतं का?"

राजाचा जबडा खाली आला. "मग शंभर दिवस मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं आसतं तर तू तिसऱ्या दिशी कोंबच भाजला आसतास!"

गोवऱ्यांची आगटी पेटलेलीच होती; धुरपदा सकाळपासूनच तयारीत होती. कणसं निखाऱ्यात खुपसली, काढली, हातावर चोळली. हिरवेगार वाफाळते दाणे. पण घास इथं आणि तोंड आभाळात. राजा मूठ वर करून उभा राहिला. मूठ कितीशी पुरणार?

तेव्हा पावशा उतरला. राजाच्या तळहातावर बसला, फुंकर मारायला सांगितली, एक दाणा चोचीत घेतला आणि सरळ वर गेला. त्याच्यामागं साळुंकी. साळुंकीमागं चिमणी. मग कडेच्या चार तासांत जेवणारी सगळी पाखरं उठली. राजा चोळतोय, धुरपदा भाजतेय, पाखरं नेतायत.

पहिला दाणा तोंडात पडला तशी सुवेळाची एक टाच जड झाली. दहाव्याला ती घारींच्या खाली आली. पन्नासाव्याला बाभळीच्या शेंड्याला. शंभरावा दाणा खुद्द पावशानं दिला, आणि पोरगी धपकन माळ्यावर बसली.

राजानं तिला पोटाशी धरलं. ती म्हणाली, "बाबा, सोडा. भूक लागलीय. चटणी आहे का?"

दोन वर्षांत तिला लागलेली ती पहिली खरी भूक.

वीस दिवसांनी ज्वारी पिकली. काढणी झाली, खळ्यात मळणी झाली. अख्खं राज्य जमलं. ज्यानं ज्यानं त्या ज्वारीची चतकोर भाकरी खाल्ली त्याचे पाय जमिनीला टेकले. पैलवानानं जातं सोडलं, प्रधानानं दगड टाकले. आणि एकेकाचं वजन परत गेलं तसा निमिष वाळत गेला. डोंगराचा बैल झाला, बैलाचा माणूस, माणसाचा पुन्हा काटकुळा. तो भांडायला खळ्यात आला तेव्हा धुरपदा उंच वावडीवर, म्हणजे खळ्यातल्या तिवईवर, उभी राहून ज्वारी उपणत होती. वरून सुपातनं सोडायची, दाणा खाली पडायचा, भुसा वाऱ्यावर जायचा.

"माझी कणगी..." निमिष म्हणाला.

वारा आला. दाणे खाली पडले. निमिष भुशाबरोबर गेला.

सोन्याची कणगी एका बाजूनं फोडून बघितली, तर आत नुसती हवा. राजानं ती गावातल्या कोंबड्यांना खुराडं म्हणून दिली. नव्या ज्वारीतलं एकेक ओंजळ बी राखेत घालून, भोपळ्यात भरून प्रत्येक गावाला धाडलं. दरबारात धुरपदाला बोलावलं आणि सिंहासनावर बस म्हणाला. ती म्हणाली, "नगं बाबा, कंबर धरंल." मग राजानं कायदा केला : हस्त नक्षत्रातल्या पेरणीला पहिली मूठ राजानं चाड्यात सोडायची, अंगठ्या काढून. आणि कडेची चार तासं पाखरांची, त्यांना सरकारसुद्धा हात लावणार नाही.

राजानं म्हातारा होईपर्यंत दर वर्षी पेरलं. ओळ शेवटपर्यंत वाकडीच आली. पोरं बांधावर बसून हसायची, सगळ्यांत मोठ्यानं सुवेळा.

जशी तिची पावलं जमिनीला लागली, तशी ऐकणाऱ्याची, सांगणाऱ्याची जमिनीवर राहोत. आणि ताटात भाकरी टाकून उठणाऱ्याच्या खिशात सात धोंडे पडोत.